पे अँड पार्कचा दर कोण ठरवतो आणि पैसा शेवटी कोणाकडे जातो?

पेठकरी:

नमस्कार मंडळी.

पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले, तेव्हा विरोध इतका झाला की सुरुवात फक्त पाच रस्त्यांपुरती करायची, अशी तडजोड करावी लागली. तेव्हापासून हा विषय अधूनमधून डोके वर काढतो, वर्तमानपत्रांत चार दिवस गाजतो आणि पुन्हा थंड होतो. या सगळ्या गदारोळात भांडण होते ते तासाला किती रुपये घ्यावेत यावर. जमा झालेला पैसा कोणाच्या खात्यात जातो, त्यातून काय होते आणि वसुलीचा ठेका घेणाऱ्याच्या हाती किती उरते, हे विचारणारा मला तरी क्वचितच भेटला आहे.

माझ्या नेहमीच्या बाजारपेठेत वसुलीला उभा असणारा मुलगा सरळ सांगतो, "पावती पाहिजे तर वीस, नको असेल तर दहा." बहुतेक जण दहा देतात. मीही दोन-चारदा दिले असतील. हे दहा रुपये कोणत्याही जमाखर्चात दिसणार नाहीत हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही.

जाणकारांकडून मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. दर ठरवण्याला काही शास्त्र आहे, की शेजारच्या शहरात किती आहे ते पाहून आकडा लिहिला जातो? आणि अमेरिकेतल्या शिकागो शहराने आपल्या रस्त्यांवरचे पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीला देऊन टाकले असे वाचले, ते नेमके काय प्रकरण आहे? आपल्याकडे दीर्घ मुदतीच्या 'सार्वजनिक-खासगी भागीदारी'ची भाषा सुरू झाली की हे उदाहरण कोणी ना कोणी काढतेच. परंतु बाजूने बोलणारा आणि विरोधात बोलणारा, दोघेही ते अर्धवटच सांगतात असा माझा अनुभव आहे.

शिकागोनिवासी:

पेठकरी, हे प्रकरण घडले तेव्हा मी इथेच होतो, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

२००८ च्या अखेरीस मंदीने शहराच्या अंदाजपत्रकाला मोठे भगदाड पडले होते. महापौर रिचर्ड एम. डेली यांनी २ डिसेंबर रोजी जाहीर केले की शहरातले सुमारे ३६,००० मीटर ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मॉर्गन स्टॅनलीच्या पुढाकारातील एका कंपनीला द्यायचे आणि त्या बदल्यात सुमारे १.१५ अब्ज डॉलर एकरकमी घ्यायचे. ४ डिसेंबरला नगरसभेने ४० विरुद्ध ५ मतांनी प्रस्ताव मंजूर केला. पाऊणशे वर्षांचा व्यवहार नगरसेवकांनी दोन दिवसांत वाचून, समजून घेऊन मंजूर केला, असे मानणे कठीण आहे. पुढच्या जूनमध्ये शहराच्या महानिरीक्षकांचा, म्हणजे शहराच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, अहवाल आला. शहराने हे मीटर स्वतःकडेच ठेवले असते तर त्या मुदतीतल्या उत्पन्नाचे आजचे मोल, मिळालेल्या रकमेपेक्षा किमान ९७ कोटी डॉलरने अधिक भरले असते, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता.

दरवाढ ताबडतोब जाणवली. वस्त्यांमध्ये अनेक ठिकाणी तासाला २५ सेंट पडत, तिथे २००९ मध्ये एक डॉलर पडू लागला आणि २०१३ पर्यंत दोन. 'लूप' या मध्यवर्ती व्यापारी भागात तीन डॉलरचे आधी साडेतीन झाले आणि २०१३ पर्यंत साडेसहा. सुरुवातीच्या काही महिन्यांत जुने नाण्यांचे मीटरच वापरात होते, त्यामुळे लूपमध्ये दोन तास गाडी लावायची तर पाव डॉलरची २८ नाणी खिशात बाळगावी लागत. मीटर नाण्यांनी तुंबत, बंद पडत. आणि लोकांचा राग इतका होता की काही ठिकाणी ते फोडलेही गेले. नंतर कार्ड चालणारी, पावती छापून देणारी यंत्रे आली आणि हा त्रास संपला.

ही दरवाढ मात्र मला स्वतःला चुकीची वाटत नाही, आणि इथेच माझे बहुतेक टीकाकारांशी पटत नाही. तासाला पाव डॉलर हा दर कित्येक भागांत वर्षानुवर्षे तसाच राहिला होता, कारण आपल्या प्रभागात तो वाढवण्याचे धाडस एकाही नगरसेवकाला होत नव्हते. जे दर कंपनीने लावले ते शहरालाही लावता आले असते. महानिरीक्षकांच्या हिशेबाचा गाभाही हाच आहे. फरक इतकाच की कंपनीने दर वाढवले की मतदारांच्या शिव्या कंपनीला पडणार. दरवाढीचे ओझे आपल्या डोक्यावरून उतरवण्यासाठी नगरसभेने पुढच्या तीन पिढ्यांचे उत्पन्न किंमत म्हणून मोजले, असे मी समजतो.

पैशाचे काय झाले ते आणखी क्लेशदायक आहे. रकमेचा काही भाग दीर्घकालीन राखीव निधी म्हणून ठेवायचा आणि त्याच्या व्याजातून मीटरचे बुडालेले उत्पन्न भरून काढायचे, असे ठरले होते. पहिल्या दोन-तीन अंदाजपत्रकांतच तूट भरण्यासाठी बहुतेक पैसा वापरला गेला. कंपनीची मूळ गुंतवणूक दहा-बारा वर्षांत वसूल झाली. करार मात्र २०८३ पर्यंत चालायचा आहे. भागीदारांमध्ये अबू धाबीच्या सरकारी गुंतवणूक संस्थेनेही हिस्सा घेतला होता, म्हणजे शिकागोच्या गल्लीत भरलेल्या डॉलरचा काही अंश आखातातल्या एका सरकारकडे जाऊ लागला.

तरीही माझ्या मते सगळ्यात महागडे कलम भरपाईचे आहे. रस्ता दुरुस्तीसाठी बंद केला, मिरवणुकीसाठी अडवला, बसची मार्गिका किंवा सायकलमार्ग काढण्यासाठी मीटरच्या जागा कमी केल्या, तर कंपनीचे जे उत्पन्न बुडेल ते शहराने भरून द्यायचे. अपंगांच्या परवान्यावर विनाशुल्क उभ्या राहणाऱ्या गाड्यांचीही बिले शहराला आली. त्यामुळे एखाद्या रस्त्याचा पदपथ रुंद करायचा म्हटले तरी आधी कंपनीला किती द्यावे लागेल, किंवा बदल्यात दुसरीकडे किती जागा द्याव्या लागतील, हा हिशेब मांडावा लागतो. २०१३ मध्ये महापौर राम इमॅन्युएल यांनी वाटाघाटी करून मध्यवर्ती भागाबाहेर रविवारचे पार्किंग मोफत करून घेतले, पण त्या बदल्यात इतर दिवशी वसुलीचे तास वाढवून द्यावे लागले. रस्ता शहराचा आहे. त्याच्या कडेचे काय करायचे ते ठरवण्याचा अधिकार मात्र शहराकडे पूर्णपणे उरलेला नाही.

निवृत्त लेखापाल:

राज्यातल्या एका मध्यम महापालिकेच्या लेखा विभागात माझी नोकरी झाली. शिकागोकरांनी लिहिले ते वाचताना एक गोष्ट जाणवली, की आपल्याकडच्या ठेक्याची मुदत लहान असते, पण रोग तोच आहे.

आपल्याकडे सर्वसाधारण पद्धत अशी. जागा निश्चित होते, निविदा निघते, महापालिकेला वर्षाला सर्वांत जास्त रक्कम देऊ करणाऱ्यास कार्यादेश मिळतो. तो ठरलेली रक्कम हप्त्याने भरतो, अनामत ठेवतो आणि प्रत्यक्ष वसूल होईल ते सगळे त्याचे. या व्यवस्थेत महापालिकेला त्या रस्त्यावर दिवसाला किती गाड्या लागतात हे कळण्याचे कारणच उरत नाही. उदाहरणादाखल धरून चाला की एका रस्त्यावर शंभर मोटारींची जागा आहे, दर तासाला वीस रुपये आहे, वसुली दहा तास चालते आणि सरासरी सत्तर टक्के जागा भरलेल्या असतात. दिवसाचे चौदा हजार झाले, वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी बेचाळीस लाख. आता त्या रस्त्याची सर्वोच्च देकार रक्कम बारा लाख आली, तर ती कमी आहे असे म्हणायला लेखा विभागाकडे आधार काय? मागच्या वेळी अकरा लाख होती, म्हणजे या वेळी वाढच झाली, असा शेरा मारून फाइल पुढे जाते. पेठकरींना भेटलेला 'पावती नको तर दहा' हा मुलगा याच व्यवस्थेचे अपत्य आहे. ठेकेदाराला पावतीपुस्तकाची गरजच नसते, कारण महापालिकेला द्यायची रक्कम पावत्यांवर अवलंबून नसते. आखलेल्या पट्ट्यांबाहेर दुसरी रांग लावून घेणे, पट्टे जिथे संपतात तिथून पुढेही वसुली करणे, हे सगळे त्यातूनच येते.

दुसरा घोळ असा की पार्किंगचे शुल्क महापालिकेचे, पण नो पार्किंगचा दंड वाहतूक पोलिसांचा, आणि तो जातो राज्याच्या तिजोरीत. शुल्क चुकवणाऱ्याला धाक बसला तरच शुल्काची वसुली वाढते. तो धाक दाखवणारे खाते मात्र वेगळे, आणि वसुली वाढली काय नि घटली काय, त्या खात्याला त्याचे सोयरसुतक नाही. शुल्काचा पैसा महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत मिसळला की पुढे त्यातून पदपथ झाला की पगार झाला, हे आमच्यासारख्यालाही सांगता यायचे नाही.

मुंबईत यात आणखी दोन धागे आहेत. रस्त्यावरच्या पे अँड पार्कच्या निम्म्या जागा महिला बचत गटांसाठी आणि पाव जागा सुशिक्षित बेरोजगारांच्या संस्थांसाठी राखून ठेवण्याचे धोरण तिथल्या पालिकेने घेतले. हेतू चांगलाच होता. मात्र कागदावर बचत गट आणि जागेवर दुसराच कोणी, अशा तक्रारी होत राहिल्या. दुसरा धागा पैशाचा वाटतच नाही, म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(२४) या तरतुदीनुसार विकासकाने सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेच्या ताब्यात द्यायचा आणि त्या बदल्यात त्याला वाढीव चटईक्षेत्र मिळायचे. वाहनतळ पालिकेला 'फुकट' मिळाला असे म्हणतात. प्रत्यक्षात त्याची किंमत त्या परिसराने वाढीव मजल्यांच्या, पाण्याच्या आणि रहदारीच्या रूपाने मोजली. मग बाहेर रस्त्यावर विनाशुल्क किंवा किरकोळ दरात जागा मिळत असताना त्या बहुमजली वाहनतळात जाणार कोण? जुलै २०१९ मध्ये अशा वाहनतळांच्या आसपास बेकायदा गाडी लावणाऱ्या मोटारचालकांना दहा हजार रुपयांपर्यंत दंड लावण्याचा उपाय पालिकेला करावा लागला तो यामुळेच. रस्त्यावरचा दर वाहनतळाच्या दरापेक्षा जास्त ठेवला असता तर एवढ्या दंडुक्याची गरज पडली नसती, असे मला वाटते.

कापडवाला:

तीन पिढ्यांचे दुकान आहे म्हणून लिहितो. पार्किंगला पैसे लावले की गिऱ्हाईक थेट मॉलकडे वळते. वाहन खरेदी करताना लोकांनी रस्ता कर भरलेला असतो, आम्ही मालमत्ता कर भरतो, मग त्याच रस्त्यावर उभे राहण्याचे वेगळे पैसे कशाला? आणि आमचे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक दुचाकीवर येते. शंभर रुपयांची खरेदी करायला आलेल्या माणसाकडून दहा रुपये पार्किंगचे घेणे कोणत्या हिशेबात बसते? वरच्या प्रतिसादांत अब्जावधींचे आकडे आहेत, पण दुकानाच्या पायरीवरून काय दिसते ते कोणी लिहिलेले नाही.

नगररचनाकार:

कापडवाले काका, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि गंमत म्हणजे नेमका हाच प्रश्न १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहराच्या जुन्या बाजारपेठेतील दुकानदारांनी विचारला होता. तिथे मीटर नव्हते, त्यामुळे दुकानांतले कर्मचारीच सकाळी येऊन समोरच्या जागा अडवून बसत आणि गिऱ्हाइकाला फेऱ्या मारत राहावे लागे. (आपल्याकडे दुकानासमोर सकाळपासून कोणाच्या गाड्या लागलेल्या असतात, ते तुम्हीच एकदा पाहा.) मीटर लावायला दुकानदारांचा कडाडून विरोध होता. शेवटी नगरपालिकेने सांगितले की मीटरचे सगळे उत्पन्न याच बाजारपेठेवर खर्च होईल. विरोध मावळला. १९९३ मध्ये तासाला एक डॉलर दराने मीटर बसले, येणाऱ्या उत्पन्नाच्या भरवशावर शहराने पन्नास लाख डॉलर कर्जाऊ उभे केले, आणि त्यातून पदपथ, दिवे, झाडे आणि मागच्या गल्लीबोळांची दुरुस्ती झाली. रात्री आणि रविवारीही शुल्क घ्या, असे म्हणण्यापर्यंत तिथल्या व्यापाऱ्यांची मजल गेली.

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी या उदाहरणाचा अभ्यास करून ते जगापुढे मांडले. दराबाबत त्यांचे म्हणणे साधे होते: प्रत्येक रस्त्यावर कोणत्याही वेळी एक-दोन जागा रिकाम्या राहतील इतका दर असावा, त्याहून जास्त नको नि कमीही नको. पेठकरींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून हे प्रत्यक्ष करून पाहिले. जागा भरलेली आहे की रिकामी हे ओळखणारे संवेदक जागांमध्ये बसवले, आणि ज्या रस्त्यावर जागा ८० टक्क्यांहून जास्त भरत होत्या तिथे दर थोडा वाढवला, ६० टक्क्यांहून कमी भरत होत्या तिथे उतरवला. एका वेळी वाढ पाव डॉलरहून अधिक नाही. पुष्कळ ठिकाणी दर खाली आले, आणि प्रायोगिक काळात सरासरी दरही किंचित कमीच झाला. दर गर्दीच्या मोजणीवरून ठरवला की तो नेहमी वरच जातो असे नाही. आपल्याकडे अशी मोजणीच होत नाही, हे लेखापालांनी दाखवून दिले आहेच.

रस्ता कराबद्दल. तो वाहन रस्त्यावर चालवण्यासाठी आहे आणि राज्य सरकारकडे जातो. महापालिकेच्या जागेवर दिवसभर गाडी ठेवण्याचे भाडे त्यात नाही. एक मोटार साधारण बारा चौरस मीटर जागा घेते. तुमच्याच रस्त्यावर जो भाजीवाला बसतो, त्याला २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली प्रमाणपत्र घेऊन, शुल्क भरून याच्या एका कोपऱ्याएवढ्या जागेत पोट भरावे लागते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही पार्किंगचे शुल्क जागेचे खरे मोल दाखवणारे असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. दुचाकीबाबत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाक्या मावतात, तेव्हा दुचाकीचा दर मोटारीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त असता कामा नये.

आता पासाडेनाच्या पद्धतीबद्दलची माझी अडचणही सांगतो. उत्पन्न ज्या रस्त्याचे त्याच रस्त्यावर खर्च करायचे, तर फर्ग्युसन रस्त्याला ग्रॅनाइटचे पदपथ मिळतील आणि उपनगरातल्या ज्या वस्तीतून लोक बसने कामाला येतात तिथे साधा पदपथही होणार नाही. म्हणून मला इंग्लंडची रीत अधिक पटते. तिथे १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याच्या कलम ५५ नुसार रस्त्यावरच्या पार्किंगचे स्वतंत्र खाते ठेवावे लागते आणि शिल्लक प्रामुख्याने पार्किंगच्या सोयी, सार्वजनिक वाहतूक आणि रस्तेसुधारणा अशा कामांवरच खर्च करता येते. लंडनच्या बार्नेट परिषदेने रहिवाशांच्या परवान्याचे शुल्क ४० पौंडांवरून १०० वर आणि पाहुण्यांचे कूपन एका पौंडावरून चारवर नेले, तेव्हा एक रहिवासी न्यायालयात गेला. जुलै २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की इतर खर्चासाठी उत्पन्न वाढवायचे म्हणून पार्किंगचे शुल्क वाढवणे या कायद्यात बसत नाही. स्वतंत्र खाते होते, त्यामुळे परिषदेचा हेतू कागदावर सापडला. सर्वसाधारण निधीत सगळे मिसळले असते तर त्या रहिवाशाला काय सिद्ध करता आले असते?

कापडवाला:

कर्मचाऱ्यांच्या गाड्यांचे म्हणणे खरे आहे, आमच्या ओळीत निम्म्या गाड्या आमच्याच असतात, त्यात माझीही. उत्पन्न आमच्या रस्त्यावर लागणार असेल तर व्यापारी संघाच्या बैठकीत मी विषय काढीन. सगळ्या शहरात वाटले जाणार असेल तर संघ तयार होणार नाही, हे आताच सांगतो.

शिकागोनिवासी:

मग निम्मे त्या रस्त्यावर आणि निम्मे बससेवेला, असे काही ठरवता येईल. मुख्य म्हणजे हे प्रमाण ठरावात लिहिलेले असावे आणि पुढच्या सभागृहाला ते बदलता यावे. इथे अडचण झाली ती नेमकी पुढच्या सभागृहांचे हात बांधले गेल्यामुळे.

पेठकरी:

सर्वांचे आभार. मला वाटत होते त्यापेक्षा प्रश्न वेगळ्या जागी आहे. आमच्या भागातल्या ठेक्याची माहिती मागवायची म्हणतो. लेखापाल साहेब, माहिती अधिकारात नेमके काय विचारावे? 'पार्किंगच्या उत्पन्नाची माहिती द्यावी' असे मोघम लिहिले तर एका ओळीत उत्तर येईल, अशी धास्ती आहे.

निवृत्त लेखापाल:

तसेच येईल. 'उत्पन्न' विचारू नका, कागद मागा. निविदेच्या अटी-शर्ती, करारनामा आणि कार्यादेश यांच्या प्रती. ठेकेदाराने भरलेल्या प्रत्येक हप्त्याची चलने. निविदेपूर्वी वाहनांची मोजणी झाली असल्यास तिचा अहवाल. आणि देकार रक्कम वाजवी असल्याचा शेरा ज्या टिपणीत आहे त्या टिपणीची प्रत. मंजूर आखणीचा नकाशाही मागा, म्हणजे पट्ट्यांबाहेरची वसुली दाखवून देता येईल. करारात महापालिकेने भरपाई देण्याचे एखादे कलम असल्यास ते आधी वाचा. रस्ता खोदकामाला बंद राहिला म्हणून ठेकेदाराने सूट मागितल्याच्या आणि ती मिळाल्याच्या फायली मी पाहिल्या आहेत, तेव्हा त्या पत्रव्यवहाराच्याही प्रती मागा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, मुदत तीस दिवसांची असते. मोजणीचा अहवाल उपलब्ध नाही असे लेखी उत्तर आले तर ते जपून ठेवा. पुढच्या निविदेच्या वेळी हरकत घ्यायला तेवढा एक कागद पुरतो.